अरे-तुरेचा पेला

बुडापेस्टच्या नाताळबाजारात पाय ठेवतो न ठेवतो तोच नाकात रिंग घातलेल्या एका पोरीनं आमच्या पोस्टमास्तरांना चक्क "तू" म्हटलं.

"काय देऊ तुला? लाल वाइन की पांढरी? दोन्ही गरमागरम आहेत."

पोस्टमास्तरांनी आधी मागे वळून पाहिलं, ही बया कुणाशी बोलते आहे म्हणून. मागे कुणी नव्हतं. मग त्यांनी टोपी काढली, तीही अशा थंडीत की कान गळून हातात यावेत, आणि म्हणाले, "मला लाल द्या. आणि बाईंना काय हवं ते त्यांनाच विचारा."

"बायकोला पण लालच देते," पोरगी म्हणाली आणि तिनं पळी बुडवलीसुद्धा.

"मी यांची बायको नाही!" मी म्हटलं. इतक्या मोठ्यांदा म्हणायची खरं तर काही गरज नव्हती. शेजारी निखाऱ्यावर दांडीला गुंडाळलेला गोड कुर्तोश पाव भाजणारा माणूस हातातली दांडी फिरवायची थांबवून माझ्याकडे बघायला लागला.

"नसू दे गं आजी, वाइन तीच आहे," पोरगी म्हणाली. घ्या! मलाही "तू".

मी माको गावची. माको म्हणजे कांद्याचं गाव, आमचा माणूस कांदा घेतल्याशिवाय उंबरठा ओलांडत नाही. तिथल्या पोस्टात खिडकीवर बसून माझं आयुष्य गेलं. हे काल्मान हेगेदूश आमचे पोस्टमास्तर. दोघंही निवृत्त होऊन जमाना झाला. माझे यजमान गेले, त्यांची बायको गेली, आणि त्यांचं घर माझ्या घरासमोरच. रविवारचं सूप माझ्याकडे. माझा बॉयलर रुसला की ते हातोडी घेऊन हजर, त्यांच्या शर्टाचं बटण तुटलं की मी सुई घेऊन हजर. दहा-बारा वर्षं हे असं चाललं होतं, आणि एवढ्या वर्षांत आम्ही एकमेकांना "अहो-जाहो"च करत होतो.

आमच्याकडे "तू" ही उठल्यासुटल्या म्हणायची गोष्ट नाही. निदान आमच्या पिढीत तरी नव्हती. ज्याचा मान असेल त्यानं आधी ते देऊ करायचं. मग दोघांनी पेले उचलायचे, कोपरात कोपर अडकवून प्यायचं, गालाला गाल लावायचे, आणि तिथून पुढे जन्मभर "तू". एकदा दिलं की परत घेता येत नाही, भांडलात तरीही नाही. म्हणून माणसं जपून देतात.

पोस्टमास्तर माझ्याहून वयानं मोठे, वर माझे साहेब. म्हणजे मान त्यांचा. मी कशी तोंड उघडणार? मी आपली वाट बघत होते. पहिली दोन-तीन वर्षं वाटायचं, बायकोच्या दुःखात आहेत, सावरले की म्हणतील. मग वाटायचं, नाताळला म्हणतील. नाताळ यायचा, ते माझ्याकडचा खसखशीचा रोल खायचे, खसखस मिशीत अडकायची, आणि जाताना दारात टोपी उचलून म्हणायचे, "आपल्या हाताचं चुंबन घेतो, अरांकाबाई." सभ्य पुरुष बाईला असंच म्हणतात आमच्याकडे, रामराम म्हणावं तसं. त्यात चुंबनाचा पत्ता नसतो. दहा-बारा वर्षं हा माणूस रोज सकाळी कुंपणापाशी माझ्या हाताचं चुंबन घेतोय, आणि हात आपला कोरडा तो कोरडाच.

भीड ही भिकेची बहीण म्हणतात ते काही खोटं नाही. पण मला नुसतं चिडता येतं, भीड सोडता येत नाही. नाकाच्या शेंड्यावर राग असलेली माणसं धीट असतात असं लोकांना उगाच वाटतं.

या वर्षी मात्र वाट बघायला वेळच उरला नव्हता. गेल्या हिवाळ्यात पोस्टमास्तर स्वयंपाकघरात पाय घसरून पडले आणि त्यातून न्यूमोनिया झाला. तेव्हापासून त्यांची मुलगी एनिको मागे लागली होती, शोप्रोनला माझ्याकडे राहायला ये म्हणून. शोप्रोन म्हणजे देशाचं पार दुसरं टोक, ऑस्ट्रियाच्या कुशीत. एनिको वाईट नाही हो. बापाची काळजी तिला करायलाच हवी. तिनं खोली रिकामी केली होती, नाताळाआधी रंगवूनही घेणार होती, म्हणून तिला रविवार संध्याकाळपर्यंत "हो" किंवा "नाही" हवं होतं. हे मला पोस्टमास्तरांनीच सांगितलं, आगगाडीत, चरबी लावलेला पाव आणि कांदा खाता खाता, जणू हवामानाचा अंदाज सांगावा तसं.

ही सहल खरं म्हणजे आमच्या निवृत्त पोस्टवाल्यांच्या मंडळाची. दोन दिवस बुडापेस्ट, बाजार, दिवे, माशाचं सूप. मग मंडळात फ्लू शिरला आणि एकेक जण गळत गेला. शेवटी उरलो आम्ही दोघं. शेजारची गिझी म्हणाली, "मग काय, रद्द करणार?" मी म्हटलं, "खोल्या घेतल्यात, दोन वेगवेगळ्या खोल्या, रद्द कशाला करायच्या?" "मी कुठं म्हटलं एक खोली आहे म्हणून?" असं म्हणून ती मेली फिदीफिदी हसली.

तर तो शनिवार. बाजारात गर्दी होती, बॅसिलिका चर्चच्या भिंतीवर रंगीत प्रकाशाचा खेळ चालला होता. पोस्टमास्तर त्या पोरीच्या "तू"मधून अजून बाहेर आले नव्हते.

"अरांकाबाई, ती मला खरंच अरे-तुरे करत होती?"

"इथं सगळ्यांनाच करतात. जाहिरातींतसुद्धा करतात. शहर आहे."

"म्हणजे एवढं सोपं असतं ते," ते म्हणाले.

आता म्हणतील. हातात गरम पेले आहेत, समोर नाताळचं झाड आहे, आता नाही तर कधी? मी पेला मुद्दाम थोडा वर धरला. त्यांनी माझ्या पेल्याकडे बघितलं आणि विचारलं, "फार गरम आहे का हो? थांबा, रुमाल देतो." आणि खरंच रुमाल दिला. इस्त्री केलेला. कप्पाळ माझं!

नंतर आम्ही दिव्यांची ट्राम पकडली. नाताळात ती अंगभर दिव्यांच्या माळा घालून नदीकाठानं फिरते. आत आजोबा-आजी, कडेवरची मुलं, खिडक्यांवर वाफ. पोस्टमास्तरांनी मला जागा मिळवून दिली आणि स्वतः दांडा धरून उभे राहिले. पलीकडे डोंगरावरचा राजवाडा उजळला होता आणि खाली डॅन्यूब काळीभोर.

"एनिकोकडची खोली दक्षिणेकडे तोंड करून आहे," ते वरून म्हणाले.

"वा," मी म्हटलं. "ऊन मिळेल तुम्हाला."

"हो, ऊन मिळेल."

"छानच."

"बागेत अक्रोडाचं झाडपण आहे म्हणे."

"मग काय, मजाच."

स्वतःच्याच थोबाडीत द्यावी असं वाटलं मला. पण काय म्हणणार? "तुम्ही जाऊ नका" हे शेजारीणही म्हणते, दुधवालाही म्हणतो. त्यावर ते म्हणाले असते, "आपला फार लोभ आहे, अरांकाबाई," आणि सामान बांधलं असतं. मला जे म्हणायचं होतं ते "जाऊ नकोस" होतं. आणि ते म्हणायचा मला हक्क नव्हता, कारण तो त्यांनी दिलाच नव्हता.

सकाळी हॉटेलात भिंतीपलीकडून त्यांच्या खोकल्याचा आवाज आला. न्यूमोनियाचा नाही, साधाच. मी तो बराच वेळ ऐकत पडले. शोप्रोनहून तो खोकला मला ऐकू येणार नाही, हे एकदम लक्षात आलं आणि उशीत तोंड खुपसून रडले. सांगायला लाज कसली?

तो गुलाबी मेणबत्तीचा रविवार होता, नाताळाआधीचा आनंदाचा रविवार. चर्चमध्ये सगळे हसऱ्या तोंडांचे. दुपारची गाडी पकडायच्या आधी आम्ही मंडईमागच्या एका खानावळीत माशाचं सूप प्यायला गेलो. लालभडक, वर तेलाचा तवंग, सोबत पांढरा पाव आणि बोराएवढ्या तिखट मिरच्या. वेटर आमच्याच वयाकडे झुकलेला, पोट सुटलेला, मिशा मेण लावून वळवलेल्या. त्यानं "काय आणू आपल्याला?" असं विचारलं तेव्हा पोस्टमास्तरांचा चेहरा उजळला.

सूप आलं. पोस्टमास्तरांनी एक चमचा घेतला, दुसरा घेतला, मग चमचा ठेवला.

"अरांकाबाई, आज संध्याकाळी एनिकोचा फोन येईल."

"हो, म्हणाला होतात."

"तुमचं काय मत? जावं का मी?"

अशी वेळ आयुष्यात एकदा येते, आणि मी काय म्हणाले असेन? "तुमची मुलगी, तुमचा निर्णय. मी कोण सांगणार?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. थकल्यासारखं बघितलं. "खरं आहे," ते हळूच म्हणाले. "तुम्ही कोण सांगणार."

आता बघा, ते वाक्य माझंच होतं. त्यांनी फक्त मला परत केलं. पण ते ऐकलं आणि माझ्या डोक्यात सणक गेली. मी चमचा आपटला. सूप टेबलक्लॉथवर उडालं.

"मी कोण? मी कोण, काल्मान? अरे, थोडी तरी अक्कल आहे का तुला? न्यूमोनियात तुझ्या उशाशी कोण बसलं होतं, पोप? तुझ्या कुठल्या मोज्याला भोक आहे हे तुझ्या मुलीला माहीत आहे की मला? शहाजिऱ्याचं सूप तुला आवडत नाही आणि तू भिडेखातर दहा वर्षं गिळतोयस, हे मला कळत नाही असं वाटतं तुला? अक्रोडाचं झाड म्हणे! माझ्या दारात काय बाभूळ आहे? मी कोण म्हणे! जाऊ नकोस! ऐकलंस? शोप्रोनला नको, कुठंच नको, जाऊ नकोस!"

सगळी खानावळ आमच्याकडे वळली. वेटर पावाची टोपली हातात घेऊन खांबासारखा उभा. आणि मग मला ऐकू आलं मी काय बोलले ते. "अरे" म्हणाले होते. "तुला" म्हणाले होते. आपल्या साहेबांना, भर खानावळीत, रीत नाही, पेला नाही, काही नाही.

"माफ करा, पोस्टमास्तर," मी पुटपुटले. "तोंडाला आवर राहिला नाही."

त्यांनी चष्मा काढला. त्यावरचे सुपाचे थेंब शांतपणे पुसले. परत घातला.

"एक विचारू, अरांकाबाई? हे तुम्ही मला रागानं म्हणालात, की रीतीनं?"

"म्हणजे?"

"म्हणजे रागानं म्हणाला असाल तर आपण सूप संपवू, आणि मी काही ऐकलंच नाही. पण रीतीनं म्हणाला असाल, तर..." त्यांनी सुपाची वाटी जरा बाजूला सरकवली. "तर दोन पेले मागवायला हवेत."

"मी कशी रीतीनं म्हणेन? मान तुमचा! तुम्ही मोठे, तुम्ही साहेब. इतकी वर्षं मी तुमच्या तोंडाकडे बघत बसले आहे!"

"माझ्या?" ते उठायलाच निघाले. "पुरुषानं बाईला 'तू' देऊ करायचं? माझ्या आईनं थोबाड फोडलं असतं माझं! मान बाईचा. तुम्ही म्हणत नव्हता, तेव्हा मी समजलो की तुम्हाला नको आहे. दरवर्षी नाताळला तुमच्याकडे येताना वाटायचं, आज म्हणतील. तुम्ही द्यायचात खसखशीचा रोल."

"साहेबाच्या आधी हाताखालच्या बाईनं म्हणायचं?"

"निवृत्त माणूस कसला आलाय साहेब!"

"माझ्या मते मान बाईंचाच," वेटर पावाची टोपली ठेवत गंभीरपणे म्हणाला.

"अहो काहीतरीच काय," पलीकडच्या टेबलावरची फरची टोपी घातलेली म्हातारी ओरडली, "वयाचा मान! आमच्याकडे नेहमी वयाचा!"

"बाईचा हो मावशी, बाईचा," तिच्या शेजारचा कुणी म्हणाला, आणि क्षणात अर्धी खानावळ एका बाजूला आणि अर्धी दुसऱ्या. कुणी आपल्या आत्याचा दाखला देतंय, कुणी लष्करातल्या कर्नलचा. मी हसत होते आणि डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. इतकी वर्षं! दोन शहाणी माणसं समोरासमोरच्या घरांत, मांजराच्या गळ्यात घंटा दुसऱ्यानं बांधावी म्हणून बसलेली. त्यातली किती संध्याकाळी मी एकटीनं टीव्हीसमोर काढल्या, आणि पलीकडच्या खिडकीत त्यांचाही टीव्ही चालू असायचा.

"हे ठरेपर्यंत सूप निवेल," वेटर म्हणाला. "पेले आणतो." आणि जर्दाळूच्या कडक दारूचे, पालिंकाचे, दोन काठोकाठ पेले घेऊन आला.

कोपरात कोपर अडकवायला गेलो, तर माझा खांदा आखडलेला आणि त्यांची बाही सुपात. तरी जमवलं. पालिंका घशातून जळत खाली गेली. मग मी, बाई म्हणून म्हणा, आगाऊ म्हणून म्हणा, 'तू'वाल्यांचा रामराम आधी घातला. "सेर्वुस, काल्मान."

"सेर्वुस, अरांका."

त्याचा गाल खरखरीत होता, आणि त्याला कांद्याचा आणि जर्दाळूचा वास येत होता. दुसऱ्या गालाला त्यानं जरा जास्त वेळ लावला. म्हातारीनं टाळ्या वाजवल्या.

"आता तुम्ही... तू... जरा मीठ द्या," काल्मान म्हणाला. "दे."

"सूप आधीच खारट आहे."

"माहीत आहे. पण काहीतरी मागून बघायचं होतं."

एनिकोचा फोन संध्याकाळची वाट न बघता तिथंच आला, सूप संपायच्या आत. काल्माननं तो कानाला लावला आणि माझ्याकडे बघत राहिला. मला तिचा आवाज बारीक ऐकू येत होता: बाबा, रंगारी विचारतोय, पिवळा की पांढरा?

"रंगाऱ्याला नको म्हणून सांग, बेटा," तो म्हणाला. "मी येत नाही... नाही, बरा आहे मी... अरांका म्हणते, जाऊ नकोस." मग बराच वेळ तो नुसता ऐकत राहिला. "हो," तो म्हणाला. "बरोबर ऐकलंस. असंच म्हणाली." परत ऐकलं. मग फोन माझ्यापुढे धरला. "तिला तुझ्याशी बोलायचंय."

एकुलती एक मुलगी, तिच्या आईच्या जागी दुसरी बाई, आणि शोप्रोनला रिकामी केलेली खोली. आता चार शब्द ऐकवील, आणि ऐकवले तरी तिचा काय दोष?

"काकू," ती म्हणाली. आवाज ताठ. "मी तुमच्याशी स्पष्ट बोलले तर चालेल?"

"काकू नको," मी म्हटलं. "अरांका म्हण. आणि तू म्हण. बाई मी आणि मोठीही मीच, त्यामुळं मान कुणाचा याची चर्चा नको. पेला भेटल्यावर घेऊ."

तिकडून तिनं नाक ओढल्याचा आवाज आला.

"मी त्याला नेत होते ते तो एकटा आहे म्हणून," ती म्हणाली. "गेल्या हिवाळ्यात तो पडल्याचं मला चार दिवसांनी कळलं. कधी काही सांगत नाही. फोनवर विचारलं की नेहमी 'मी बरा आहे'."

"माहीत आहे गं."

"आजारी पडला तर..." ताठपणा सगळा गळून पडला होता, पन्नाशीकडे झुकलेली बाई लहान मुलीसारखी रडत होती. "तू मला सांगशील? खरं खरं? तू सांगशील ना, अरांका?"

"सांगेन, पोरी," मी म्हटलं, आणि डोळे पुसायला हात मोकळा हवा होता म्हणून फोन काल्मानच्या हातात दिला.